फाटलेला आवाज : नाशिकचे भोंगे, बेंजो आणि रॉक संगीतातील अँप्लिफायर

रॉक संगीताच्या ज्या ध्वनिमुद्रिका गेल्या सात दशकांत अभिजात म्हणून मान्यता पावल्या, त्यांतील गिटारचा भरीव, किंचित खरखरीत आणि दीर्घकाळ टिकून राहणारा आवाज गिटारच्या लाकडापेक्षा आणि तारांपेक्षा अँप्लिफायरने, म्हणजे तारेच्या कंपनातून निघणारा क्षीण विद्युत्संकेत अनेक पटींनी मोठा करून ध्वनिक्षेपकाकडे पाठवणाऱ्या यंत्राने, अधिक घडवलेला आहे. हे यंत्र त्याच्या कुवतीपलीकडे राबवले की मूळ संकेताचे शेंडे छाटले जातात आणि त्यात मुळात नसलेले स्वर मिसळतात. महाराष्ट्रातील माईकवाले या अवस्थेला ‘आवाज फाटतो’ असे म्हणतात, तो दोष समजतात आणि घाईने कळ मागे फिरवतात. रॉक संगीताने तोच दोष हेतुपूर्वक जोपासला आणि त्यातून एक शैली उभी केली. गोदाकाठच्या सायखेड्यासारख्या गावांत लग्नसराईत, यात्रेत आणि गणेशोत्सवात ऐकू येणारा भोंग्याचा व बेंजोचा आवाज आणि लंडन-कॅलिफोर्नियातील या ध्वनिमुद्रिका एकाच यंत्रकुळातून आलेल्या आहेत, ही गोष्ट संगीताच्या इतिहासात क्वचितच लक्षात घेतली जाते. प्रस्तुत लेखात हे नाते तपासले आहे.

सायखेडा हे निफाड तालुक्यातील गोदावरीकाठचे गाव असून नदीच्या दुसऱ्या बाजूस चांदोरी आहे. कांद्याचा उपबाजार, द्राक्षबागा आणि नदीचे पूर ही या टापूची ओळख होय. २०१६ आणि २०१९ च्या पुरांत ही दोन्ही गावे पाण्याने वेढली गेली होती. अशा गावात एकाचा आवाज अनेकांपर्यंत पोचवण्याची गरज जुनी आहे. दवंडीने, देवळातील नगाऱ्याने आणि तमाशातील ढोलकी-तुणतुण्याने ती पूर्वी भागवली जात असे, आणि विसाव्या शतकात यांतील बरेचसे काम भोंग्याकडे आले. भोंगा, ज्याला काही भागांत कर्णा म्हणतात, हा पत्र्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा शंकूच्या आकाराचा ध्वनिक्षेपक असून त्याच्या मागच्या टोकाला ‘युनिट’ नावाचा छोटा कंपक बसवलेला असतो. थोड्या विजेवर दूरवर ऐकू जाईल असा आवाज देणे हे त्याचे वैशिष्ट्य आहे, आणि या कार्यक्षमतेची किंमत त्याच्या आवाजाच्या पोताने मोजली आहे.

भारतात ही यंत्रणा रुजवणाऱ्यांत मोटवाने कुटुंबाचे नाव अग्रभागी येते. ग्यानचंद मोटवाने यांनी १९०९ साली सिंधमध्ये सुरू केलेला विद्युत-साहित्याचा व्यवसाय पुढे मुंबईत आला आणि ‘शिकागो रेडिओ’ या नावाने प्रसिद्धी पावला. काँग्रेसच्या अधिवेशनांना आणि सभांना या पेढीचे ध्वनिक्षेपक असत. मैदानात बसलेल्या हजारो माणसांना गांधीजींचा मुळातच हळू असलेला आवाज ऐकू येऊ लागला तो अशा यंत्रांमुळे. ग्यानचंद यांचे चिरंजीव नानिक मोटवाने यांना १९४२ च्या भूमिगत काँग्रेस रेडिओच्या प्रकरणात अटक झाली. उषा मेहता, विठ्ठलदास खाकर आणि चंद्रकांत झवेरी या सहआरोपींना शिक्षा झाल्या आणि मोटवाने निर्दोष सुटले. याच घराण्याचा उत्पादन-कारखाना पुढे नाशिक रोड येथे चालू लागला. सायखेड्याहून नाशिक रोड वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. तेव्हा अँप्लिफायर ही गोदाकाठच्या माणसासाठी परदेशातून आलेली अद्भुत वस्तू उरली नव्हती, ती शेजारच्या औद्योगिक वसाहतीत राबणाऱ्या कामगारांच्या हातची चीज झाली होती.

या यंत्रांच्या पोटात व्हॉल्व्ह असत. व्हॉल्व्ह म्हणजे निर्वात काचेची नळी; तिच्यातील तापलेल्या तारेपासून निघणारे इलेक्ट्रॉन एका जाळीवरील लहान विद्युद्दाबाने कमीअधिक होतात आणि त्यामुळे लहान संकेताची मोठी प्रतिकृती मिळते. १९३६ मध्ये अमेरिकेत बाजारात आलेला सिक्स-एल-सिक्स हा व्हॉल्व्ह सार्वजनिक ध्वनिक्षेपणाच्या आणि चित्रपटगृहांच्या यंत्रांत सर्रास वापरला जाई. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे १९३८ च्या सुमारास रेडिओदुरुस्तीचे दुकान थाटणाऱ्या लिओ फेंडर यांनी गिटारसाठी अँप्लिफायर बनवायला घेतले, तेव्हा त्यांच्यासमोर हीच विद्युत्-मंडले आणि हेच सुटे भाग होते. गिटारचा अँप्लिफायर आणि सभेतला अँप्लिफायर ही सख्खी भावंडे आहेत असे म्हणण्याचा आधार येथे आहे. गिटारच्या अँप्लिफायरचा हा एक जनक रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर होता. तालुक्याच्या गावात ज्यांच्या दुकानात जळक्या युनिटांचा आणि उघड्या रेडिओंचा ढीग असे, त्यांच्याच जातकुळीचा हा माणूस.

फाटलेल्या आवाजाचा रॉकमधील इतिहास अपघातांनी भरलेला आहे. १९५१ मध्ये मेंफिस येथे सॅम फिलिप्स यांच्याकडे ‘रॉकेट एटी-एट’ हे गाणे मुद्रित झाले, त्या वेळी गिटारवादक विली किझार्ट यांच्या अँप्लिफायरचा कागदी शंकू प्रवासात फाटला होता. त्यात कागद कोंबून काम भागवले गेले आणि त्यातून निघालेली गुरगुर तशीच ठेवली गेली. १९५८ च्या ‘रंबल’साठी लिंक रे यांनी ध्वनिक्षेपकाला पेन्सिलीने छिद्रे पाडली असे सांगितले जाते. १९६१ मध्ये मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोंट वरी’ या गाण्यात ध्वनिमुद्रणयंत्रातील एका बिघडलेल्या ट्रान्सफॉर्मरमुळे बास गिटारचा आवाज फाटला, तो लोकांना इतका आवडला की पुढच्याच वर्षी असा आवाज काढणारी पेटी, मॅस्ट्रो फझ-टोन, विक्रीस आली. रोलिंग स्टोन्सच्या १९६५ च्या ‘सॅटिस्फॅक्शन’मधील आरंभीची धून तिच्यावर वाजवलेली आहे. १९६४ मध्ये किंक्स वाद्यवृंदातील डेव्ह डेव्हिस यांनी एका स्वस्त एल्पिको अँप्लिफायरचा शंकू पात्याने चिरला आणि ‘यू रिअली गॉट मी’ हे गाणे त्या चिरलेल्या कागदावर उभे राहिले.

या सर्वांहून दूरगामी ठरलेली घटना मात्र दुकानदारीतील आहे. पश्चिम लंडनमधील हॅनवेल येथे जिम मार्शल यांचे वाद्यांचे दुकान होते. अमेरिकेतून येणारे फेंडरचे अँप्लिफायर महाग पडत, म्हणून केन ब्रॅन आणि तरुण डडली क्रेव्हन यांच्या साहाय्याने त्यांनी १९६२ मध्ये फेंडरच्या ‘बेसमन’ या यंत्राची जवळजवळ हुबेहूब प्रतिकृती बनवली. तिला जेटीएम ४५ असे नाव मिळाले. मंडल तेच असले तरी व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर आणि ध्वनिक्षेपक इंग्लंडमध्ये मिळतील ते वापरले गेले. बेसमनमध्ये जेन्सन कंपनीचे दहा इंची चार ध्वनिक्षेपक मागून उघड्या पेटीत असत, तर मार्शलने सेलेस्टियनचे बारा इंची चार ध्वनिक्षेपक बंद पेटीत बसवले. परिणामी बेसमनचा स्वच्छ, झळाळता आवाज मार्शलमध्ये दाट आणि आक्रमक झाला. १९६६ मध्ये जॉन मेयॉल यांच्यासोबतच्या मुद्रणात एरिक क्लॅप्टन यांनी गिब्सन लेस पॉल गिटार मार्शलला जोडून तो सभागृहात वाजवावा तेवढ्या मोठ्या आवाजात वाजवण्याचा हट्ट धरला आणि तंत्रज्ञांना ध्वनिग्राहक दूर ठेवून ते मुद्रण करावे लागले. पुढील वर्षी जिमी हेंड्रिक्स यांच्या मुद्रिकांनी त्याच कुळातील यंत्रांतून गुंजणारा, स्वतःच्याच प्रतिध्वनीवर पोसला जाणारा आवाज जगभर नेला. याच काळात डार्टफर्ड येथील व्हॉक्स कंपनीचा एसी ३० हा तीस वॅटचा अँप्लिफायर बीटल्सच्या आरंभीच्या मुद्रिकांत घुमत होता. त्यातील ईएल ८४ हे व्हॉल्व्ह त्या काळच्या घरगुती रेडिओंतही वापरले जात. याच एसी ३०वर पुढे क्वीन वाद्यवृंदाच्या ब्रायन मे यांनी आपला आवाज उभारला. त्यांचे सहकारी आणि गायक फ्रेडी मर्क्युरी यांचे शालेय शिक्षण सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथे झाले होते आणि त्यांचा पहिला वाद्यवृंद ‘हेक्टिक्स’ तेथेच स्थापन झाला, ही गोष्ट महाराष्ट्राच्या वाचकाने अवश्य ध्यानात ठेवावी. क्वीनच्या काही मुद्रिकांत व्हायोलिन व तुताऱ्यांचा भास निर्माण करणारा छोटा अँप्लिफायर तर बासवादक जॉन डीकन यांनी कचऱ्यात टाकलेल्या एका इलेक्ट्रॉनिक पट्टीपासून घरीच बनवला होता.

फाटलेला आवाज कानाला गोड का लागावा, या प्रश्नाचे उत्तर मराठी संगीतरसिकाला तंबोऱ्याच्या घोडीवर सापडते. तंबोऱ्याच्या जवळजवळ सपाट, किंचित वक्र घोडीवर तार विसावते त्या ठिकाणी सुताचा धागा सरकवून ‘जवारी’ काढली जाते, म्हणजे तार प्रत्येक कंपनात घोडीला निसटता स्पर्श करील अशी रचना साधली जाते. या स्पर्शामुळे मूळ स्वरावर उपस्वरांचा, म्हणजे मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येच्या स्वरांचा, झळाळता थर चढतो. सी. व्ही. रमण यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले की, तार ज्या बिंदूवर छेडली असता विशिष्ट उपस्वर उमटू नयेत असा नियम आहे, तेथे छेडूनही तंबोऱ्यात ते स्पष्ट उमटतात. घोडीचा आकार हे त्याचे कारण होय. मिरजेच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या हातांनी साधलेली ही किमया आणि व्हॉल्व्हच्या मर्यादेवर संकेताचे शेंडे गोलसर छाटले जाणे यांत तत्त्वतः फार अंतर नाही. दोन्हीकडे निर्मळ कंपनाच्या मार्गात एक मृदू अडथळा येतो आणि त्या अडथळ्यातून उपस्वर जन्मतात. व्हॉल्व्हची छाटणी हळुवार असते, त्यांची जागा पुढे घेणाऱ्या ट्रान्झिस्टरची एकदम आणि काटकोनी; म्हणून पहिलीत जवारीची ऊब जाणवते आणि दुसरीत कर्कशता.

याहून सूक्ष्म साम्य स्वरसंवादात आहे. फाटलेल्या अँप्लिफायरमधून दोन स्वर एकाच वेळी गेले की त्यांच्या कंपनसंख्यांची बेरीज आणि वजाबाकी असलेले नवे स्वर निर्माण होतात. सामान्य गिटारवादनातील तीन-चार स्वरांचे गुच्छ अशा यंत्रातून गढूळ होतात. म्हणून रॉकचे वादक षड्ज आणि पंचम एवढेच दोन स्वर घेऊन त्यांचा प्रहार करतात. षड्ज-पंचमाचे प्रमाण २ : ३ असल्याने त्यांची वजाबाकी १ येते, म्हणजे षड्जाच्या बरोबर खालच्या सप्तकातील षड्ज कोणी न वाजवता आपोआप गुंजू लागतो. तंबोऱ्याच्या तारा पंचम आणि षड्जात लावणाऱ्या परंपरेला हा परिणाम परका वाटू नये.

महाराष्ट्रात या परिणामाचे सर्वांत लोकप्रिय वाहन बेंजो हे वाद्य ठरले. अमेरिकन बँजोशी त्याचा संबंध नाही. नागोया येथील गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये टंकलेखनयंत्राच्या कळांवरून कल्पना घेऊन तैशोगोतो नावाचे तंतुवाद्य बनवले. ते भारतात येऊन बुलबुलतरंग झाले आणि मराठी मुलखात त्याला बेंजो हे नाव पडले. लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा कळांनी दाबल्या जातात आणि नखीने छेडल्या जातात. काही तारांवर धून वाजते आणि बाजूच्या तारा एकाच स्वराचा अखंड आधार देतात. मूळ वाद्याचा आवाज घरगुती, नाजूक असतो. ढोल, ताशा आणि हलगीच्या गर्दीत तो ऐकू येणे शक्य नव्हते. पेटीत विद्युत्-संवेदक बसवून तो अँप्लिफायरला जोडला गेला, हातगाडीवर किंवा टेम्पोवर भोंगे चढले, आणि बेंजो पार्टी जन्माला आली. वरातीपुढे वाजणाऱ्या या संचाचा अँप्लिफायर ढोलांवर मात करण्यासाठी कायम शेवटच्या टोकापर्यंत उघडलेला असतो. धुनेच्या तारा आणि आधारस्वराच्या तारा एकत्र फाटतात, त्यांच्यातून वर वर्णिलेले बेरीज-वजाबाकीचे स्वर निघतात, आणि दोन गल्ल्या पलीकडून ओळखू येईल असा तो रोखठोक, झणझणीत, सनईच्या जवळ जाणारा आवाज तयार होतो. रॉकच्या गिटारवादकांनी हेतुपूर्वक शोधलेली गोष्ट येथे गरजेतून सिद्ध झाली, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तिचे मोल त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट या वादकांवर काढला. त्याआधी या कलावंतांकडे मुख्य प्रवाहाने फारसे पाहिले नव्हते.

भोंग्याच्या आवाजाचा पोतही या चर्चेत महत्त्वाचा आहे. माणसाचा कान सेकंदाला दोन ते चार हजार कंपनांच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो आणि भोंगा नेमका त्याच पट्ट्यात जोरकस वाजतो. खर्जातील स्वर त्याच्या लहान तोंडातून बाहेर पडतच नाहीत आणि अतितार उपस्वरही गळून जातात. गिटारसाठी वापरला जाणारा बारा इंची कागदी ध्वनिक्षेपकही पाच हजार कंपनांच्या वर झपाट्याने मंद होतो, आणि याच कारणाने फाटलेल्या आवाजातील टोचणारा भाग तो गाळून टाकतो. हे गाळण नसते, तर मार्शलचा आवाज असह्य झाला असता. ध्वनिक्षेपकाची अपूर्णता हाच आवाजाचा शेवटचा संस्कार असतो, मग तो सेलेस्टियनचा असो वा यात्रेतल्या खांबावरचा.

विजेच्या पुरवठ्याचा प्रश्न या इतिहासात अनपेक्षित ठिकाणी भेटतो. गावोगाव वीज पोचण्यापूर्वी ध्वनिक्षेपणाची यंत्रे मोटारीच्या बॅटरीवर चालत. तिचा अल्प दाब ‘व्हायब्रेटर’ नावाच्या थरथरणाऱ्या कळीने तोडून, ट्रान्सफॉर्मरने चढवून व्हॉल्व्हना पुरवला जाई. नाशिक रोड आणि सायखेडा यांच्या दरम्यान एकलहरे येथील औष्णिक वीजकेंद्र १९७० मध्ये सुरू झाले, तरी शेतीपंपांच्या टापूत दाब कमी मिळण्याची तक्रार पुढेही टिकून राहिली. दाब कमी झाला की व्हॉल्व्ह अँप्लिफायरची कमाल क्षमता घटते, तो लवकर फाटू लागतो आणि जोरदार स्वरावर क्षणभर दबून पुन्हा वर येतो. अमेरिकन वादक एडी व्हॅन हेलन यांनी आपल्या मार्शलला मिळणारा दाब व्हेरिअ‍ॅक नावाच्या यंत्राने मुद्दाम कमी केला होता, आणि १९७८ मधील त्यांच्या पहिल्या मुद्रिकेतील सुप्रसिद्ध मऊ, तपकिरी म्हणवला जाणारा आवाज त्या योजनेतून आला. निफाड तालुक्यातील माईकवाल्याला जी अडचण संध्याकाळी पंप सुरू झाले की आपोआप लाभत असे, ती लॉस एंजेलिसच्या वादकाने पैसे मोजून मिळवली.

मुंबईतील रॉक मुद्रिकांचा उल्लेख केल्याशिवाय हे चित्र पुरे होत नाही. इम्पीरियल टोबॅको कंपनीच्या ‘सिमला’ सिगारेटच्या नावाने भरवलेल्या स्पर्धेतील वाद्यवृंदांच्या दोन तबकड्या, ‘सिमला बीट ७०’ आणि ‘सिमला बीट ७१’, प्रसिद्ध झाल्या. आयातीवरील निर्बंधांच्या त्या काळात परदेशी अँप्लिफायर दुर्मीळ असल्याने या वाद्यवृंदांना स्थानिक बनावटीवर बरेच विसंबावे लागे, आणि तबकड्यांवरील ओबडधोबड, धारदार गिटार ऐकताना ती परिस्थिती आठवते. १९७१ च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’तील ‘दम मारो दम’ या गाण्यात भूपिंदर सिंग यांनी वाजवलेली गिटार तर महाराष्ट्रभर ऐकली गेली. पुढच्याच वर्षी लेड झेपेलिनचे जिमी पेज व रॉबर्ट प्लँट मुंबईत आले आणि त्यांनी भारतीय वादकांना घेऊन आपली दोन गाणी मुद्रित केली. ती मुद्रणे २०१५ पर्यंत अधिकृतपणे प्रसिद्ध झाली नव्हती.

व्हॉल्व्हचे युग ओसरल्यावर भोंग्यामागे ट्रान्झिस्टरची यंत्रे आली. दिल्लीच्या अहुजा कंपनीचे नाव गावोगाव इतके रुळले की ते अँप्लिफायरचे दुसरे नाव झाले. बेंजोचा आवाज अधिक कोरडा आणि काटेरी झाला तो या बदलामुळे. त्यानंतर मोठ्या पेट्यांच्या ‘डीजे’ने खर्जाचा धक्का आणला आणि भोंग्याचा मध्यसप्तकी आवाज मागे पडला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद केले. सामान्य माणसाच्या झोपेसाठी आणि कानासाठी हे नियम आवश्यक होते, याबद्दल दुमत असू नये. परंतु सदैव टोकापर्यंत उघडलेल्या यंत्रावर पोसलेल्या वादनशैलीपुढे त्यांनी खरा पेच उभा केला, कारण यंत्र फाटल्यावाचून तो आवाज मिळत नाही आणि मोठ्याने वाजवल्यावाचून यंत्र फाटत नाही. युरोप-अमेरिकेतील गिटारवादकांपुढेही हाच पेच आला होता. त्यांनी कमी वॅटचे अँप्लिफायर, अँप्लिफायर आणि ध्वनिक्षेपक यांच्यामध्ये बसवून जादा शक्ती उष्णतेत जिरवणारे शोषक, आणि शेवटी संगणकीय प्रतिकृती, असे मार्ग काढले. आज बेसमन, जेटीएम ४५, एसी ३० यांचे आवाज संगणकात जवळजवळ जसेच्या तसे मिळतात. त्यातील ध्वनिक्षेपकाच्या वाट्यासाठी प्रत्येक ध्वनिक्षेपकाची ध्वनिछाप घेतात, म्हणजे त्यातून एक ठरावीक संकेत वाजवून ध्वनिग्राहकाने टिपतात आणि गणिताने त्याचा स्वभाव वेगळा काढतात.

ही पद्धत भोंग्यालाही जशीच्या तशी लागू पडते. बाजार समित्यांच्या आवारात, मंदिरांवर आणि मंडपवाल्यांच्या गोदामांत जुने भोंगे, लाईन ट्रान्सफॉर्मर आणि क्वचित व्हॉल्व्हचे अँप्लिफायर अजून आढळतात. भोंग्यांच्या ध्वनिछापा घेण्यास एक चांगला ध्वनिग्राहक आणि मोकळे मैदान पुरेसे आहे. वाद्याची बाजू अधिक अवघड आहे. बेंजोच्या आधारतारा कोणत्या स्वरात लावायच्या, संवेदक पेटीच्या कोणत्या भागात बसवायचा, कोणत्या बनावटीचे युनिट कोणत्या धुनेला साथ देते आणि आवाज किती फाटू द्यायचा, हे ज्ञान वादकांच्या हातात आणि कानात आहे. ध्वनिछापांचे काम हाती घेणाऱ्याने यंत्रांच्या आधी या वादकांकडे जावे आणि त्यांची जुळणी त्यांच्याच यंत्रांवर, त्यांच्याच आवाजात मुद्रित करून घ्यावी.